रत्नागिरीत समुद्राजवळ भाड्याने घर : भाट्ये, मांडवी की काळबादेवी?

भीमाकाठ (धागाकर्ती), मार्चचा दुसरा आठवडा

नमस्कार. येत्या १ जूनपासून माझी बदली बँकेच्या रत्नागिरी शाखेत झाली आहे. शाखा बाजारपेठेच्या बाजूला आहे. घरात आम्ही चौघे आहोत : मी, यजमान, सासरे आणि चौथीत जाणारी मुलगी. यजमानांची कंपनी पुण्यात असली तरी त्यांचे काम घरूनच चालते, त्यामुळे वीज आणि इंटरनेट यांवर त्यांचा पगार अवलंबून आहे असे म्हटले तरी चालेल. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. आम्ही मूळचे सोलापूरचे. पाऊस ही आमच्याकडे वाट पाहण्याची गोष्ट असते, त्यापासून बचाव करण्याचा अनुभव आम्हाला मुळीच नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस येऊन आम्ही तीन घरे पाहिली. पहिले भाट्ये येथे, नारळाच्या वाडीतले चिऱ्याचे कौलारू घर आहे. समुद्र चालत पाच मिनिटांवर, भाडे ११ हजार आणि अनामत ५० हजार. दुसरे मांडवीला, दुसऱ्या मजल्यावरची सदनिका आहे. पश्चिमेला गॅलरी असून तिथून सूर्यास्त समोर दिसतो, भाडे १३ हजार. तिसरा काळबादेवीचा नवा बैठा बंगला आहे. मालक मुंबईला असतात आणि भाडे केवळ ८ हजार आहे. एजंटांनी नाचण्यालाही एक सदनिका सुचवली, परंतु समुद्राच्या गावी जाऊन समुद्रच दिसू नये हे मुलीला पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही.

तिन्ही घरे आम्हाला इतकी आवडली की निवड करता येईना. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खाडीकाठ

ताई, रत्नागिरीत स्वागत. मी भाट्याचाच असल्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच सांगून टाकतो.

बाहेरून येणारी माणसे समुद्र किती जवळ आहे ते विचारतात. आम्ही मात्र खाडी कोणत्या बाजूला आहे ते आधी विचारतो. भाट्ये आणि शहर यांच्यामध्ये काजळी नदीची खाडी आहे. राजिवड्याकडून पूल ओलांडला की भाट्ये लागते, आणि तुमच्या शाखेपर्यंत दुचाकीने पंधरा मिनिटांत आरामात पोहोचता येते. काळबादेवीला जायचे तर शिरगाववरून साखरतरच्या खाडीचा पूल ओलांडून जावे लागते. नकाशावर ते अंतर फारसे वाटत नाही, परंतु जुलैच्या संध्याकाळी साडेसात वाजता रेनकोट घालून, समोरच्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर घेत तो रस्ता रोज कापायचा आहे असे धरून विचार करावा. मांडवीला हा प्रश्नच येत नाही, कारण ते शहरातच आहे.

शाळेचेही तसेच आहे. व्हॅनवाले पुलापलीकडे कुठपर्यंत येतात हे शाळा निश्चित करण्याआधी विचारून घ्या. रहाटाघर स्थानकावरून एसटीच्या गाड्या सुटतात, परंतु रात्री उशिरा त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

आणखी एक गोष्ट मुलीसाठी सांगून ठेवतो. भाट्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांबच लांब आणि सुरूच्या बनामुळे फार सुंदर आहे, परंतु खाडीच्या मुखाजवळ पाण्याला ओढ असते आणि तिथे माणसे बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आमची मुले झरी विनायकाच्या मंदिराकडे फिरायला जातात, वाळूत खेळतात, पण पाण्यात पाऊल टाकायचे ते घोट्यापर्यंतच, हा घराघरातला नियम आहे.

निवृत्त अभियंता

आपण घरे फेब्रुवारीत पाहिलीत, तिथेच गोम आहे. फेब्रुवारीत कोकणातले कोणतेही घर चांगलेच दिसते. भिंती कोरड्या, आकाश निळे, विहीर भरलेली आणि मालकाने नुकताच हात फिरवलेला रंग. सोलापुरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून अधिक इथे एकट्या जुलैत पडतो, आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून या गावात घराची परीक्षा दर्शनी बाजूने न करता पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर करावी.

पुढच्या वेळी याल तेव्हा पश्चिमेच्या खोलीतले कपाट थोडे पुढे ओढायला सांगा. कपाटामागची भिंत खाली दोन-तीन फुटांपर्यंत वेगळ्या छटेची दिसली तर अंगठ्याने दाबून पाहा. रंगाचा पापुद्रा फुगून येत असेल आणि त्याखाली पांढरी भुकटी असेल तर त्या भिंतीला लोणा लागलेला आहे. बांधकामात खारी वाळू वापरली गेली असेल तर मीठ भिंतीतच राहते, ते हवेतली ओल ओढून घेत राहते आणि वर कितीही महागडा रंग दिला तरी दुसऱ्या पावसाळ्यात तोच नकाशा पुन्हा उमटतो. दमेकरी माणसाची खाट अशा भिंतीला लावणे म्हणजे दुखणे विकत घेणे होय.

सदनिकेच्या बाबतीत गॅलरीच्या खालचा भाग पाहावा. खारा वारा काँक्रीटमध्ये शिरला की आतल्या सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. तुम्हाला सूर्यास्त दाखवणारी गॅलरी तोच वारा सर्वांत आधी अंगावर घेत असते. सदनिका वरच्या मजल्याची असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते पाहा. आमच्याकडे गच्चीवर पत्रे घालतात ते हौस म्हणून नव्हे.

कौलारू घराविषयी उगाच भीती बाळगू नये. चिऱ्याच्या भिंती आणि कौले यांचे घर श्वास घेते, त्यामुळे बुरशी तुलनेने कमी धरते. मात्र झडीच्या पावसात कौलांच्या फटींतून तुषार आत येतात, आणि एखादे कौल सरकलेले असले तर थेट धार. शेवटची शाकारणी कधी झाली, म्हणजे कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट कधी बसवली, हे नक्की विचारा. खाली प्लायवूडचे छत मारलेले असेल तर वर उदमांजराचा मुक्काम आहे का हेही विचारा. रात्री दोन वाजता डोक्यावर कुस्ती सुरू झाली की पाहुण्या माणसाला भुताचा संशय येतो.

पागोळी

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी शिक्षिका आहे आणि काळबादेवीच्याच बाजूला दोन वर्षे भाड्याने राहिले आहे, म्हणून ८ हजारांच्या बंगल्याविषयी लिहिते.

आमचेही मालक मुंबईला होते, भाडेही असेच कमी होते आणि घर खरोखर सुंदर होते. पहिल्याच वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांचा फोन आला की, मे महिन्यात त्यांना घर पर्यटकांना द्यायचे आहे, तेव्हा आम्ही महिनाभर माहेरी जाऊन यावे. आमचे सामान एका खोलीत कुलूपबंद राहील. करार नोंदवलेला नव्हता. गणपतीपुळ्याचा किनारी रस्ता जवळ असल्यामुळे सुट्टीच्या दिवसांत त्या घराचे चार रात्रींचे पैसे माझ्या महिन्याच्या भाड्याइतके होत होते, हे मला नंतर कळले. स्वस्त भाड्याचा अर्थ तेव्हा उलगडला. अकरा महिन्यांतले कमाईचे महिने त्यांनी मनातल्या मनात आधीच वजा केलेले होते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. किनाऱ्यालगतच्या वाळूत विहिरीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूच्या वाड्यांचे पंप दिवसभर चालू लागले की गोडा थर पातळ होतो आणि पाणी मचूळ लागते. तोंडाला ते लगेच जाणवतेच असे नाही. माझी परीक्षा सोपी आहे. त्या विहिरीचे बाटलीभर पाणी घेऊन जा आणि त्यात तूरडाळ शिजवून पाहा. नेहमीपेक्षा दुप्पट शिट्ट्या करूनही डाळ दाणेदार राहिली तर ते घर सोडून द्या. ही परीक्षा फेब्रुवारीत करण्यात अर्थ नाही, ती मे महिन्यातच करावी.

यजमानांच्या कामासाठी एवढेच सांगते : इन्व्हर्टर स्वतःचा आणा आणि इंटरनेट दोन निरनिराळ्या कंपन्यांचे ठेवा. वायर इथे विजेच्या खांबांवरून आणि माडांच्या मधून येते. एक झावळी पडली की दोन्ही गोष्टी एकदम जातात.

मिऱ्यावाला

आमच्या मिऱ्या गावाचा उल्लेख कोणीच केला नाही, आणि ते एका अर्थी बरेच झाले. आमच्याकडे भाडे सर्वांत कमी आहे. कारण विचारायचे असेल तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला बंधाऱ्यावर येऊन उभे राहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचे जहाज भरकटत आमच्या किनाऱ्याला येऊन रुतले आणि नंतर कितीतरी दिवस लोक ते पाहायला येत होते. आम्ही मात्र बंधाऱ्याचे दगड किती सरकले ते पाहत होतो. इथे जन्मलेल्या माणसाने राहावे. पाहुण्याने पहिल्याच वर्षी येऊ नये.

जुना चाकरमानी

मी या चर्चेतल्या खलनायकांपैकी आहे, म्हणजे मुंबईत राहणारा घरमालक. पागोळी ताईंना मे महिन्यात घर सोडायला सांगितले हे चुकीचेच झाले, त्याचे समर्थन करत नाही. परंतु दुसरी बाजूही मांडतो.

गावच्या घरात आमचा गणपती असतो. वर्षभर घराला कुलूप लागले तर वाळवी आणि ओल ते खाऊन टाकतात, म्हणून आम्ही चांगला भाडेकरू शोधतो. मात्र गणपतीला तीन भाऊ, त्यांच्या बायका-मुले आणि एक आत्या एवढी मंडळी त्याच घरात उतरतात, कारण देवाची जागा तिथेच आहे. शिमग्याला पालखी अंगणात येते तेव्हा घर उघडे आणि सारवलेले लागते. ही गोष्ट आम्ही तोंडी सांगतो, भाडेकरू मान डोलावतो आणि भाद्रपदात वाद होतो. त्यापेक्षा कोणत्या दोन खोल्या, किती दिवस, स्वयंपाकघर सामाईक की वेगळे आणि त्या महिन्याचे भाडे किती कमी, हे सरळ लिहून घ्यावे. कोणत्याही शहाण्या मालकाला त्याचा राग येणार नाही.

दुसरे असे की, कोकणातले जुने घर बहुधा एका माणसाचे नसते. सातबाऱ्यावर काकांची, आत्यांची, वारलेल्या आजोबांची अशी नावे असतात. भाडे एक भाऊ घेतो आणि सणाला दुसरा येऊन विचारतो की, तुम्हाला इथे कोणी ठेवले? तेव्हा घरपट्टी कोणाच्या नावे येते ते पाहा आणि अन्य हिस्सेदारांची लेखी संमती मागा.

वाडीतल्या नारळांवर आणि कलमांच्या आंब्यांवर भाडेकरूचा हक्क नसतो, हे सोलापूरच्या मंडळींना आधीच सांगितलेले बरे. खाली पडलेला नारळ कोणाचा, यावरून आमच्या वाडीत दोन घरांचे बोलणे अनेक वर्षे बंद आहे.

दस्तऐवज

करारासंबंधी दोन शब्द. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘आमच्याकडे असले काही करत नाहीत, विश्वासावर चालते’ असे म्हणणाऱ्या मालकाला हे सौम्य शब्दांत ऐकवावे.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. भाट्याच्या घराचे गणित करून दाखवतो. अकरा महिन्यांचे भाडे १ लाख २१ हजार, अधिक ५० हजारांच्या परतीच्या अनामतीवर दरसाल १० टक्के धरून अकरा महिन्यांचे मानीव व्याज सुमारे ४ हजार ५८३. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे ३१४ रुपये झाले. नोंदणी फी ग्रामीण हद्दीत ५०० आणि शहरी हद्दीत १००० रुपये आहे. हे सर्व ऑनलाइन होते, आणि घरी येऊन अंगठा व छायाचित्र घेणारे प्रतिनिधी रत्नागिरीतही मिळतात. त्यांचे शुल्क वेगळे असते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तीही राहू देऊ नका.

मे महिन्यासाठी एक ओळ मुद्दाम घालून घ्या : कराराच्या मुदतीत जागा पर्यटकांना किंवा अन्य कोणालाही अल्पकाळासाठी देता येणार नाही.

कोरडी जागा

सर्वांचे म्हणणे वाचले. इतक्या परीक्षा घेऊन, डाळ शिजवून आणि कपाटे ओढून समुद्राजवळ राहण्यापेक्षा ताईंनी सरळ नाचणे, कुवारबाव किंवा मारुती मंदिरच्या बाजूला सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावर, सदनिका घ्यावी. नगरपरिषदेच्या हद्दीत शीळ धरणाचे पाणी येते, दवाखाने जवळ, शाळा जवळ. रविवारी समुद्र पाहायला जावे. आम्ही रत्नागिरीकर स्वतः वर्षातून किती वेळा पुळणीवर जातो?

खाडीकाठ

कोरडी जागा, आपले म्हणणे व्यवहाराला धरून आहे, पण नळाच्या पाण्यातही काही वर्षी मे महिन्यात कपात होते आणि टँकर मागवावा लागतो, हे सांगायला हवे होते. सड्यावर वाराही कमी नसतो. आम्ही पुळणीवर जात नाही हे मात्र खरे आहे. माझ्या ओटीवर रात्री गाज ऐकू येते, त्यामुळे जाण्याचे कारणच पडत नाही.

भीमाकाठ, मेचा तिसरा आठवडा

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद कागदावर उतरवून घेऊन मी आणि यजमान गेल्या शनिवार-रविवारी पुन्हा रत्नागिरीला जाऊन आलो. जे पाहिले ते क्रमाने लिहिते.

मांडवीच्या सदनिकेत अभियंता काकांनी सांगितल्याप्रमाणे मी खाली उभी राहून गॅलरीच्या तळाकडे पाहिले. फेब्रुवारीत तिथेच उभी राहून मी फोटो काढले होते, तेव्हा मान वर गेलीच नव्हती. स्लॅबच्या कडेला हातभर लांबीचा पोपडा निघालेला होता आणि आतली तांबूस सळई स्पष्ट दिसत होती. मालकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘सोसायटीचे काम निघणार आहे.’ ते कधी निघणार, याचे उत्तर मिळाले नाही. आतली भिंतही पाहिली. कपाट ओढायला मालक तयार नव्हते, तेव्हा यजमानांनी कपाट आणि भिंत यांच्या फटीत मोबाईलचा दिवा धरला. निळ्या रंगावर पांढरे ढग उमटलेले होते. सूर्यास्ताचा मोह तिथेच सुटला.

काळबादेवीच्या मालकांना फोनवर मे महिन्याच्या अटीविषयी विचारले. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘बघू, समजुतीने करू.’ पागोळी ताई, तुमचा अनुभव वाचला नसता तर हे वाक्य मला प्रेमळ वाटले असते.

भाट्याच्या घरी गेलो तेव्हा शेजारच्या वाडीत पंप चालू होता. मालकीणबाई तिथेच पलीकडच्या घरात राहतात, वय सत्तरीच्या पुढे असावे. मी बाटलीत पाणी भरू लागले तर त्यांनी हसून विचारले की, डाळ शिजवून पाहणार का? मी खजील झाले. त्या मला त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि त्याच विहिरीच्या पाण्यावरची आमटी वाटीत घालून दिली. तरीही लॉजवर परतल्यावर आम्ही छोट्या इंडक्शनवर स्वतःची डाळ लावली, कारण आमटी आदल्या दिवशीच्या पाण्याची नसेल कशावरून! नेहमी आम्ही तीन शिट्ट्या करतो, त्या डाळीला चार लागल्या. विहीर रस्त्याच्या आतल्या अंगाला, पुळणीपासून बरीच मागे आहे, त्यामुळे असेल.

घराची पश्चिमेची भिंत न्हाणीघर आणि सामानाची खोली यांना लागून येते, तिला बाहेरून पत्रे ठोकलेले आहेत. निजायच्या दोन्ही खोल्या पूर्वेला आहेत. म्हणजे समुद्र कोणत्याच खिडकीतून दिसत नाही. मुलीने याबद्दल नाराजी व्यक्त केली, मग पुळणीवर रोज न्यायचे लेखी आश्वासन माझ्याकडून घेतले. तिच्या वहीत करार नोंदवलेला आहे.

सड्यावरच्या सदनिकेचा सल्ला आम्ही गांभीर्याने घेतला आणि नाचण्याची जागाही पाहून आलो. जागा चांगली होती. परंतु सासऱ्यांना सोलापुरात संध्याकाळी पारावर बसायची सवय आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दारांच्या मधल्या जिन्यात त्यांचा दिवस कसा जाईल, हा प्रश्न मला दम्याइतकाच मोठा वाटतो.

शंका एकच उरली आहे. मालकीणबाईंच्या मुंबईच्या दिरांची संमती मागायची कशी? त्यांचा अपमान होईल असे वाटते.

जुना चाकरमानी

अपमान मुळीच होणार नाही. ‘बँकेत भाडेकरार दाखवावा लागतो, म्हणून कागद पक्के हवेत’ असे सांगा. बँकेचे नाव काढले की कोकणातला माणूस कागद शोधू लागतो. आणि गणपतीचा विषय त्यांच्या आधी तुम्हीच काढा.

निवृत्त अभियंता

निवड योग्य आहे. पावसाळ्यात सासऱ्यांचे अंथरूण-पांघरूण ठेवायच्या कपाटात जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा, तो कपड्यांना न टेकता जाळीत बसवलेला असावा, आणि दिवसातून दोन तास चालू ठेवा. आमच्या घरी सासूबाईंच्या काळापासून हीच पद्धत आहे. नवीन एलईडी दिवा उपयोगाचा नाही, तो तापत नाही. श्वासाचा फवारा आणि औषधे डॉक्टरांना विचारून पहिल्या पावसाआधीच भरून ठेवा. दुचाकीच्या साखळीला दर आठवड्याला तेल द्या. आणि टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, एवढे या म्हाताऱ्याचे ऐका.

भीमाकाठ, सप्टेंबरची अखेर

धागा अर्धवट सोडून गेले, त्याबद्दल क्षमस्व. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही भाट्याला राहायला आलो, आणि जुलै महिना अंगावरून गेल्यावर मगच लिहावे असे ठरवले होते. मध्ये गणपती आले.

पाऊस कसा असतो हे लिहायला मला शब्द सापडत नाहीत, तेव्हा वस्तूच सांगते. मीठ वाहायला लागले. पासबुकांची पाने एकमेकांना चिकटली. मुलीच्या शाळेच्या बुटांवर दोन दिवसांत हिरवट लव आली. वीज जुलैत एकदा सलग १९ तास नव्हती. यजमानांचा इन्व्हर्टर चौथ्या तासाला संपला, तेव्हा ते लॅपटॉप घेऊन माझ्या शाखेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसले आणि बैठक तिथूनच पार पाडली. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, मात्र बैठकीच्या मध्यात दोन वेळा चहा पुढे केला. दुसरी बॅटरी आम्ही आता घेतली आहे.

सासऱ्यांना जूनमध्ये एकदा त्रास झाला, जिल्हा रुग्णालयात दाखवावे लागले. त्यानंतर मात्र पूर्वेच्या खोलीत आणि बल्बच्या कपाटातल्या कोरड्या पांघरुणात पावसाळा बरा गेला. हवा अधिक ओली असूनही धूळ नाही, याचा फायदा झाला असावा असे डॉक्टर म्हणाले. सासरे आता संध्याकाळी मालकीणबाईंच्या ओटीवर बसतात. तिथे कन्नड शब्दांनी भरलेले त्यांचे सोलापुरी मराठी आणि मालकीणबाईंचे नाकातले कोकणी मराठी यांचा संवाद चालतो, तो दोघांनाही निम्माच समजत असावा.

गणपतीला अकरा माणसे आली. करारात दोन खोल्या पाच दिवसांसाठी लिहिल्या होत्या. प्रत्यक्षात सहा दिवस झाले, कारण परतीच्या गाडीचे आरक्षण मिळाले नाही. त्यांनी भाड्यातून ठरल्यापेक्षा एका दिवसाचे अधिक पैसे न मागता वजा केले. ज्या दिरांची संमती मागायला मी घाबरत होते, त्यांनीच आरतीला मला तबक धरायला लावले.

साखरतरच्या बाजूला घर शोधणाऱ्या कोणी मला व्यक्तिगत निरोप पाठवून काळबादेवीच्या बंगल्याविषयी विचारले आहे. तो अजून रिकामा आहे की नाही हे मला माहीत नाही, परंतु पाहायला गेलात तर मे महिन्याविषयी आधी विचारा.

आता माझाच एक प्रश्न. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तीन कौले गळतात. पातेले ठेवून आम्ही पावसाळा काढला. मालकीणबाई म्हणतात की, शाकारणी एप्रिलमध्ये करू. आमचा करार एप्रिलअखेर संपतो आणि आम्हाला तो पुढे चालू ठेवायचा आहे. शाकारणीचा खर्च कोणी करायचा, हे पहिल्या करारात लिहायचे आमच्याकडून राहून गेले. नव्या करारात ते कोणत्या शब्दांत घालावे?

दस्तऐवज

‘छताची वार्षिक शाकारणी व त्यासाठी लागणारी कौले, रिपा आणि मजुरी यांचा खर्च मालक करतील आणि हे काम दरवर्षी १५ मेपूर्वी पूर्ण करतील, कामाच्या दिवसांत घर उघडे ठेवण्याची जबाबदारी भाडेकरूची राहील’ असे लिहा. कौले चाळणारे गडी मे महिन्यात मिळत नाहीत, ते फेब्रुवारीतच सांगून ठेवायला हवेत.

खाडीकाठ

गडी माझ्या ओळखीचे आहेत. जानेवारीत आठवण करा.